चारी ग्लास सुलटे

१

आमच्या घरात कोण आहे, कोण नाही, हे तोंडानं विचारायची पद्धत नाही. मांडणीकडे बघायचं. मधल्या फळीवर स्टीलचे चार ग्लास असतात आणि प्रत्येकावर नाव घातलेलं असतं. बाहेर पडताना आपला ग्लास पालथा घालायचा, परत आलं की सुलटा करून ठेवायचा. चारी सुलटे दिसले की शेवटी आलेल्यानं दाराला आतून कडी लावायची. एक जरी पालथा असला तरी कडी लावायची नाही, मग बाहेर काही का होईना.

हा कायदा चांगुणामावशीचा. ती माझी सख्खी मावशी नाही, आमच्यापैकी कोणाचीच नाही. चंदनझिऱ्यात तिच्या पत्र्याच्या दोन खोल्या आहेत आणि ती एमआयडीसीतल्या कामगारांना डबे देते. बियाण्याच्या प्लांटमध्ये मी नवीन लागले त्या साली मला टायफॉइड झाला. माझा डबा तीन दिवस भरलेलाच परत आला, म्हणून ही बाई माझी खोली शोधत आली आणि मला रिक्षात घालून घरी घेऊन गेली. मला आईबाप नाहीत. बरी झाल्यावर जा असं ती म्हणाली नाही आणि मीही विषय काढला नाही.

प्रितमही असाच डब्याच्या मागं मागं आला. तो भोकरदनकडचा, रोलिंग मिलमध्ये कामाला. कितीही धुतली तरी त्याची बोटं काळी ती काळीच. माझी गुलाबी, कारण आमच्याकडे बियाण्याला औषध लावतात आणि तो रंग आठ आठ दिवस जात नाही. मावशी म्हणायची, तुमच्या दोघांच्या हातचं पाणी प्यायचं म्हणजे आधी रंग बघावा लागतो. पाळ्या वेगवेगळ्या असल्यानं घरात केव्हाही कोणीतरी झोपलेलं असायचं. त्याची झोपमोड नको, म्हणून ही ग्लासांची पद्धत पडली.

अर्पिता सगळ्यांत शेवटी आली. आम्ही बौद्ध आणि ती अंबड तालुक्यातल्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी, त्यामुळे प्रितमचं नाव घरी काढायची सोयच नव्हती. कॉलेजच्या बॅगेत दोन ड्रेस आणि बारावीचं मार्कशीट घेऊन ती निघून आली. प्रितमला एकवीस पुरे व्हायला दोन महिने होते, मग रजिस्टर लग्न. तोवर तो आतल्या खोलीत आणि आम्ही तिघी बाहेरच्या. मावशीनं पहिल्याच दिवशी तिला भांड्यांच्या दुकानात नेलं, ग्लासावर नाव घालून आणलं आणि फळीवर ठेवलं.

"नाव पडलं भांड्यावर," मावशी म्हणाली. "आता तू या घरची. तुला बाहेर ठेवून कोणी कडी लावणार न्हाई."

२

प्रितम जाऊन अकरा आठवडे झाले होते. गेला म्हणजे काय झालं, ते कोणालाच माहीत नाही. पोलिसात तक्रार आहे. त्याची गाडी मिलच्या मागच्या नाल्याजवळ सापडली, तिच्या चावीसकट. अर्पिताचा भाऊ आदिनाथ म्हणतो, आम्ही फक्त बोलायला आलो होतो, पोरगं पळालं, आम्ही परत गेलो.

तेव्हापासून त्याचा ग्लास पालथा होता आणि म्हणून अकरा आठवडे आमच्या दाराला कडी नव्हती. शेजारच्या पुष्पाबाईंनी मावशीला समजावून पाहिलं की तीन बायामाणसं राहता, निदान रात्रीचं तरी. मावशीनं ऐकून घेतलं आणि भाजी चिरत राहिली.

मे संपत आला होता. पहिली पाळी करून मी तीन-वीसला घरी आले. दुसऱ्या पाळीचे डबे घेऊन मावशी गेली होती, अर्पिता पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती. माझा ग्लास सुलटा करायला हात पुढे केला आणि थांबले. शेजारच्या ग्लासावर 'प्रितम' असं सरळ वाचता येत होतं. अकरा आठवडे ती अक्षरं उलटी वाचायची सवय झाली होती.

मावशीनं घासून ठेवताना चुकून ठेवला असेल, दुसरं काय. मी तो उचलून पालथा घातला. बुडाशी घोटभर पाणी होतं, ते फळीवर सांडलं. मी ओढणीनं पुसलं आणि चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. दर वेळी तळाशी तेवढंच पाणी, कोणीतरी घाईत पिऊन ठेवावं तेवढं.

३

मी बियाण्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे आणि आठव्या दिवशी किती उगवले ते लिहायचं, हे माझं काम. भुताखेतांना माझ्या वहीत रकाना नाही. म्हणून मी सरळ विचार केला. ग्लास आपोआप उलटत नाही. घरात तीन माणसं आहेत. मावशी असलं काही करणार नाही, मी करत नाही. राहिली अर्पिता. दुःखात माणूस काहीबाही करतं, त्यात नवल नाही.

रविवारी मावशी अर्पिताला बळेच बाजारात घेऊन गेली. मी घरी थांबले. दुपारी दोनला मांडणीसमोर पाट टाकून बसले आणि ग्लासावर नजर ठेवली. लाइट गेलेली होती. पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. तीन वाजले, सव्वातीन झाले. ग्लास पालथाच. मला माझंच हसू आलं.

बाहेर वाऱ्यानं दोरीवरचे कपडे पडले, ते उचलायला गेले. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. परत आले तर ग्लास सुलटा होता. काठावर पाण्याचा थेंब होता आणि पोटावर, नावाच्या जरा खाली, काळा डाग. मी बोटानं पुसून बघितला. मिलची काजळी तेलकट असते, ती पटकन पुसली जात नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीतून पंख्याचा आवाज यायला लागला. त्या पंख्याचं एक पातं वाकडं आहे, तो पाचवर ठेवला की खट खट करतो. प्रितम नेहमी पाचवर ठेवायचा. आतलं दार लोटलेलं होतं. मी वर बघितलं, आमच्या खोलीतला बल्ब बंद होता. फ्रिजही बंद होता. लाइट आलेली नव्हती.

मी चप्पल न घालता पुष्पाबाईंकडे गेले आणि त्या दोघी परत येईपर्यंत तिथेच बसून राहिले.

४

आता प्रितम गेला त्या दिवसाचं सांगायला हवं. मी हे टाळत आले आहे, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अर्पिताच्या घरचे फोन करून छळायचे म्हणून दोघांनीही फोन बंद ठेवले होते. त्या दिवशी सकाळी चहावाल्यानं मावशीला सांगितलं की एक जीप गेटा-गेटावर प्रितमला विचारत फिरते आहे. मावशीनं प्रत्येकाला बजावलं, आज काम संपलं की थेट घरी. चौघं आले की कडी. तोवर दार उघडं राहील, कोणाला बाहेर ठेवायचं नाही.

मी अर्धी सुट्टी टाकून घरी आले तेव्हा मावशी डबे द्यायला गेली होती, अर्पिता न्हाणीत होती. प्रितमचा ग्लास पालथा होता. मी दारात उभी असताना जीप गल्लीतून गेली, हळू, आणि कोपऱ्यावर थांबली. मला भीती वाटली. खरोखर वाटली. मी आत आले, प्रितमचा ग्लास सुलटा केला आणि मावशी साडेचारशिवाय येत नाही म्हणून तिचा पालथा असतानाच कडी लावली.

अर्पिता केस पुसत बाहेर आली. आधी फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आला का?"

"आला. आत झोपलाय," मी म्हणाले. "लाइट नाही तरी पंखा पाचवर करून, तोंडावर चादर घेऊन. दमलाय, उठवू नको."

तिनं आतलं दार आवाज न करता आणखी ओढून घेतलं. किती जपून ओढलं, ते मला अजून दिसतं.

चाराला वीस मिनिटं असताना दार वाजलं. तीन वेळा. धापा टाकत कोणीतरी म्हणालं, "अर्पू, दार उघड." तिच्या माहेरचे सगळे तिला अर्पूच म्हणायचे, प्रितमनं ते तिथूनच उचललं होतं. लोखंडी दारातून आवाज नीट ओळखू येत नव्हता. अर्पिता आतल्या दाराकडे बघून मग माझ्याकडे बघायला लागली. तिला माझ्याकडून फक्त हो की नाही एवढंच हवं होतं. मी मान हलवली. नाही म्हणून.

पुन्हा तीन वेळा वाजलं. मग पावलं, मग जीपचं दार.

मी भ्याले होते हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. प्रितम मला आवडायचा, अर्पिता यायच्या आधीपासून. मी कोणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही. त्या आठवड्यात दोघांनी ठरवलं होतं की लग्न झालं की नाशिकला जायचं. दार वाजलं तेव्हा माझ्या मनात आलं, एकदा तरी त्याला कळू दे की हिनं दार उघडलं नाही. एवढंच आलं. पण आलं.

आतली खोली रिकामी निघाल्यावर मी म्हणाले, मी नळावर गेले होते तेव्हा तो निघून गेला असेल, ग्लास पालथा करायला विसरला. मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, कितीदा सांगितलं होतं या पोराला. म्हणजे तो दारातून गेला तो गेलाच, वर चूकही त्याच्याच नावावर लागली.

५

त्या रविवारनंतर मी हिशेब जुळवायला लागले. ग्लास सुलटा. पंखा पाचवर. मी त्या दिवशी जे जे खोटं बोलले होते, तेच एकेक करून घरात होत होतं.

राहिली होती फक्त चादर.

मी आतल्या खोलीत जायचं बंद केलं. तांदळाचा डबा तिथे असतो, तो आणायला मावशीला काहीतरी निमित्त सांगून पाठवायचे. ती जायची, घेऊन यायची, तिला काहीच दिसत नव्हतं. मग मला बरं वाटायचं, आणि दुपारी तीन-वीसला परत ग्लास सुलटा. मी तो दर वेळी पालथा घालायचे, मावशीला कळू नये म्हणून. कारण मावशीला चारी सुलटे दिसले तर ती कडी लावेल. त्या कडीची मला का भीती वाटत होती ते मला सांगता यायचं नाही.

अर्पिता मात्र बदलली होती. खायला लागली होती. केसांना तेल लावलं होतं. मावशीनं संभाजीनगरला एका नर्सिंगच्या कोर्सला तिची सोय केली होती, वसतिगृहासकट, एक जूनला हजर व्हायचं होतं. माझ्या मनात तिनं तिथे जावं आणि जगावं एवढी एकच इच्छा उरली होती. तेवढं झालं असतं तर मी माझं ओझं घेऊन कुठेही गेले असते. पण तीस तारीख आली तरी तिची बॅग मोकळीच. मी विचारलं तर म्हणाली, तिला जाता येणार नाही, घरी कोणीतरी असायला हवं.

दुपारी मी भांडी आवरत होते, हातातून ताट पडलं. अर्पितानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती म्हणाली. "झोपलाय तो."

६

एकतीस तारखेला मी कामावर गेलेच नाही. मावशी डबे घेऊन बाहेर पडली आणि मी अर्पितासमोर बसले. सांगायचं ते रात्रभर घोकलं होतं. सांगून टाकलं की ती मला थोबाडीत मारेल, घर सोडेल आणि निदान वाचेल, असा माझा हिशेब होता.

"तो त्या दिवशी आलाच नव्हता," मी म्हणाले. "ग्लास मी सुलटा केला होता. दार वाजवणारा तोच होता आणि मला माहीत होतं."

तिनं मला मारलं नाही. ती गहू निवडत होती, निवडत राहिली.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "ग्लासावर तुझं गुलाबी बोट उमटलेलं होतं. त्याच दिवशी संध्याकाळी मी पुसलं, मावशीला दिसायच्या आत."

अकरा आठवडे ती माझ्या शेजारी झोपत होती, माझ्या वेण्या घालत होती, मला ताप आला तेव्हा पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती.

"बोलली का नाहीस?"

"बोलून काय व्हतं? मावशीनं तुला काढलं असतं. मंग तुला कोण होतं?" तिनं एक खडा बाजूला काढला. "माझं नाव भांड्यावर पडलं, तसं तुझं बी पडलंय. एकमेकाला बाहेर टाकायचं न्हाई, असं ठरलंय ना आपलं."

मला रडू आलं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या, हे सोसवेना. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं मला उठवलं.

"पहिल्यांदा वाटलं, आता बी तूच करून राह्यली," ती म्हणाली. "मंग ग्लासावरची बोटं बघितली. आता काळी असतेत."

तेवढ्यात पंखा सुरू झाला. खट, खट. मग आतल्या खोलीचं दार वाजलं. आतून. तीन वेळा.

"अर्पू, दार उघड."

त्या दाराला आतून कडी नाही. बाहेरून आहे, आणि ती त्या वेळी लावलेली नव्हती. आतून नुसतं ओढलं असतं तरी उघडलं असतं.

अर्पिता उठली. आतल्या दाराकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. त्या दिवसासारखंच. हो की नाही, एवढंच तिला हवं होतं. इतकं सगळं होऊनही तिनं मलाच विचारलं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

या वेळी तिनं ऐकलं नाही. तिनं दार उघडलं. आत अंधार होता, खाटेवर कोणीतरी डोक्यावरून चादर घेऊन पडलेलं होतं. पायात मिलचे बूट तसेच होते आणि त्यांवर नाल्याचा चिखल वाळलेला होता. वर पंखा फिरत होता, पण चादर जराही हलत नव्हती. अर्पिता खाटेपाशी गेली, वाकली आणि तिनं चादरीचं टोक धरलं.

मी दार ओढलं आणि कडी लावली.

७

मी ते ठरवून केलं नाही. हातानं केलं. त्या दिवशीही मनाशी असंच म्हणाले होते मी.

आत आधी बोलण्याचा आवाज आला, हळू, घरातल्या घरात बोलतात तसा. एकाचा की दोघांचा, ते कळलं नाही. मग पंखा थांबला. मग दार वाजलं, तीन वेळा.

"संध्या, दार उघड."

आवाज अर्पिताचा होता. मला वाटतं, तिचाच होता. मी कडीवर हात ठेवला. कडी गार लागली, मेच्या दुपारी, तापलेल्या पत्र्याखाली. उघडलं तर तिच्यामागे कोण उभं असेल, ते मला माहीत होतं. मी हात काढून घेतला. पुन्हा तीन वेळा वाजलं. मग नाही वाजलं. मी कडीवर माझी ओढणी अडकवली आणि खाली बसले.

साडेचारला मावशी आली. रिकाम्या डब्यांची पिशवी खाली ठेवली, पदरानं मान पुसली, आपला ग्लास सुलटा केला आणि तिथेच उभी राहिली. प्रितमचा ग्लास पालथा घालायचं आज माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

चांगुणा, संध्या, अर्पिता, प्रितम. चारी नावं सरळ वाचता येत होती.

मावशीनं प्रितमचा ग्लास उचलला, काळा डाग बघितला, तळाशी उरलेलं पाणी बघितलं. तिचे डोळे भरले. मग आतल्या दाराकडे बघत तिनं हळूच विचारलं, "दोघं बी आतच हायेत का?"

अजून वेळ गेलेली नव्हती. मावशीला सांगून दोघी मिळून ती कडी काढता आली असती. अर्पितानं माझ्यासाठी अकरा आठवडे तोंड बंद ठेवलं होतं, मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "झोपलेत. उठवू नका."

मावशीनं मान डोलावली. पदराच्या टोकानं ग्लास पुसला आणि नाव पुढं येईल असा परत फळीवर ठेवला.

"मंग लाव बाई कडी," ती म्हणाली. "लई दिवसांनी सगळे घरात हायेत."

मी उठले आणि बाहेरच्या दाराला कडी लावली.